न जुळणारा ताळा

त्या रात्री मी माझीच चूक शोधत बसलो होतो. समोर दोन तक्ते. डावीकडे एका देशाने शेजाऱ्याला वर्षभरात किती माल विकला त्याचा, उजवीकडे त्या शेजाऱ्याने त्याच देशाकडून किती माल घेतला त्याचा. माल तोच, वर्ष तेच. मधे समुद्र नाही की वाळवंट नाही, जमिनीवरची नुसती एक रेघ. देणाऱ्याने लिहिलेलं आणि घेणाऱ्याने लिहिलेलं सारखंच असणार, अशा भाबड्या खात्रीने मी बेरजा केल्या आणि त्या जुळल्या नाहीत. फरक किरकोळ असता तर चलनाच्या दराच्या माथी मारून झोपलो असतो. पण तो चांगला डोळ्यांत भरण्याइतका होता. मग सूत्रं तपासली, महिने मोजले, एखादी ओळ दोनदा आलीय का पाहिलं, विनिमयाचा दर पुन्हा लावला. उत्तररात्री कधीतरी तळटिपेत एक ओळ सापडली: भागीदार देशाच्या आकड्यांशी हे आकडे जुळतीलच असं नाही. हवामानाचा अंदाज सांगावा तितक्या निर्विकारपणे लिहिलेली.

चूक आपली नव्हती, हा आनंद पाच मिनिटं टिकला. मग वाटलं, एवढी मोठी दोन सरकारं, दोघांकडे संगणक, दोघांकडे हुशार माणसं. आणि एका रस्त्यावरून काय गेलं यावर त्यांचं एकमत होत नाही? तेव्हापासून हा नाद लागला आहे. फावल्या वेळात लोक शब्दकोडी सोडवतात, मी आयात-निर्यातीचे तक्ते शेजारी लावून बघतो. घरच्यांनी समजावणं सोडून दिलं आहे.

या क्षेत्रातले लोक अशा जोडीला ‘आरसा आकडेवारी’ म्हणतात. एकाची निर्यात ती दुसऱ्याची आयात, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याच्या आरशात दिसायला हवा. चेहरा वाकडा का दिसतो याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी कंटाळवाणी आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री निघालेला ट्रक एका वहीत जुन्या वर्षात पडतो, दुसऱ्या वहीत नव्या. एकाने ज्याला सुटे भाग म्हटलं, त्याला दुसऱ्याने अख्खं यंत्र म्हटलं. असल्या गोष्टी.

एक कारण मात्र मला फार आवडतं, कारण पुस्तकात ते सगळ्यात आधी येतं आणि इथे ते लागूच पडत नाही. निर्यात मोजताना मालाची किंमत विकणाऱ्या देशाच्या वेशीपर्यंतची धरतात. आयात मोजताना ती घेणाऱ्या देशाच्या वेशीपर्यंतची धरतात, म्हणजे मधलं भाडं आणि विमा मिळवून. पहिलीला एफओबी म्हणायचं, दुसरीला सीआयएफ. त्यामुळे आयातीचा आकडा निर्यातीपेक्षा थोडा फुगलेला असणार हे ओघानेच आलं. एका देशाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधी हा फुगवटा बरीच वर्षं सरसकट १० टक्के धरत असे. पुढे तो ६ टक्क्यांवर आणला. पण दोन घरांची भिंतच एक असेल तर? एकाची वेस जिथे संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते. मधे भाडं कुठलं आणि विमा कसला? म्हणजे सामायिक सीमेवर हा फरक तत्त्वतः शून्य हवा, आणि आकडे जुळायला याहून सोयीची जागा जगात नाही. तरी ते जुळत नाहीत. तेव्हा गाठ दुसरीकडे आहे.

ती शोधत मागे गेलो की तिथे संख्याशास्त्रज्ञ भेटत नाही, जकातदार भेटतो. इंग्लंडमध्ये १६९६ साली आयात-निर्यातीचा महानिरीक्षक असं पद निर्माण झालं आणि देशाच्या व्यापाराची सलग खातेवही सुरू झाली. त्या वहीची गंमत अशी की मालाच्या किमती एकदा लावल्या त्या लावल्याच. बाजारभाव कुठल्या कुठे गेले, पण वहीतला भाव जुनाच राहिला, आणि शंभराहून अधिक वर्षं राहिला. आयातीची खरी किंमत काढून लिहायला १८५४ साल उजाडावं लागलं. तोवर देशाचा व्यापार दरवर्षी पणजोबांच्या काळच्या भावाने मांडला जात होता. हसू येतं, पण कारकुनाच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं काय चुकलं? त्याला जकात गोळा करायची होती. व्यापार किती झाला हे त्या कामातून सांडलेलं पीठ होतं, कुणीतरी मागाहून गोळा केलेलं.

अर्थशास्त्राचा आद्यपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो ॲडम स्मिथही शेवटी जकातदारच झाला. मुक्त व्यापाराची बाजू मांडणाऱ्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १७७८ मध्ये, एडिंबरोत सीमाशुल्क आयुक्त म्हणून त्याची नेमणूक झाली. १७८० च्या एका पत्रात तो सांगतो, की बंदी असलेल्या मालाची यादी नीट वाचल्यावर आपल्याच कपाटातले गळपट्टे, हातरुमाल, झालरी बहुतेक सगळ्या बंदीतल्या निघाल्या, आणि कित्ता घालून द्यावा म्हणून आपण त्या जाळून टाकल्या. ज्याला हे पत्र लिहिलं त्यालाही त्याने बजावलं, की बाबा रे, तू तुझं किंवा तुझ्या बायकोचं कपाट उघडून बघू नकोस. मला त्या राखेचं अप्रूप वाटतं. तो माल देशात आला होता, वापरला गेला होता, आणि त्याच देशाच्या सीमाशुल्क आयुक्ताच्या घरात होता. वहीत तो नसणारच.

एवढं लक्षात आलं की पुढचं सोपं होतं. सीमेवर जे थांबवलं जातं ते मोजलं जातं. थांबवण्याचं कारण मोजणी हे कधीच नसतं. पैसे घ्यायचे असतात किंवा संशय असतो. म्हणूनच आयातीचा आकडा साधारणपणे निर्यातीहून भरवशाचा मानतात: आत येणाऱ्या मालावर कर असतो, तिथे कुणीतरी पावती फाडतो, बाहेर जाणाऱ्याकडे कोण बघतो? अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या ८,८९१ किलोमीटरच्या सीमेवर हाच घोळ होता. कॅनडाला जाणारा बराच माल अमेरिकेच्या निर्यातीच्या नोंदीत सापडतच नसे. शेवटी दोघांनी एक शहाणपणाची युक्ती केली. १९९० पासून अमेरिका कॅनडाची आयात हीच आपली निर्यात म्हणून घेते आणि कॅनडा अमेरिकेची आयात आपली निर्यात म्हणून घेतो. भांडण संपलं. एका परीने आरसाच काढून टाकला. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघायचं ठरवलं. हे मला दोन देशांमधल्या करारांपैकी सर्वांत विश्वासाचं वाटतं, आणि त्याची बातमी बहुधा कुणी वाचलीही नसेल.

पण थांबवणंच बंद झालं तर?

इथून माझा नाद आयर्लंडच्या बेटावर अडकला तो अजून तिथेच आहे. १९२१ साली ते बेट विभागलं गेलं आणि १ एप्रिल १९२३ पासून दक्षिणेचं नवं राज्य आणि ब्रिटनमध्ये राहिलेला उत्तरेचा तुकडा यांच्यामध्ये जकातीची नाकी बसली. जवळजवळ ५०० किलोमीटरची ही रेघ. ती जुन्या परगण्यांच्या हद्दींवरून ओढलेली, त्यामुळे शेतांमधून, ओढ्यांमधून गेलेली. माल न्यायचा तर ठरावीक ‘मंजूर’ रस्त्यांवरूनच. बाकीचे रस्ते मालासाठी बेकायदा. साहजिकच चोरटा व्यापार फोफावला. पण जे मंजूर रस्त्याने गेलं, त्याची नोंद होती. सत्तर वर्षं हे असं चाललं. त्यांतली शेवटची काही दशकं रक्तरंजित होती. लष्कराने कितीतरी आडरस्ते स्फोटांनी खणून बंद केले होते.

मग १ जानेवारी १९९३ ला युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली. सदस्य देशांमधली जकातीची नाकी त्या दिवशी उठली, आयर्लंडच्या बेटावरचीही. १९९८ च्या शांतता करारानंतर हळूहळू लष्करी मनोरेही गेले. आनंदाची गोष्ट. फक्त त्या नाक्यावर जो कारकून बसत असे त्याच्याबरोबर आकडाही उठून गेला.

त्याची जागा भरायला जी व्यवस्था आली तिचं नाव इंट्रास्टॅट. सीमेवर बघायचं नाही, कंपनीलाच विचारायचं: या महिन्यात शेजारच्या देशाला काय पाठवलंत, काय मागवलंत? प्रत्येक छोट्या दुकानदाराला हा फॉर्म भरायला लावणं म्हणजे जुलूम, म्हणून खालची मर्यादा ठरवली. आयर्लंडमध्ये बरीच वर्षं ती वर्षाला पाच लाख युरोची आवक आणि सहा लाख ३५ हजार युरोची जावक अशी होती. त्याखालच्यांची बेरीज व्हॅटच्या विवरणपत्रांवरून काढायची आणि अंदाजाने वाटून टाकायची. एखाद्या मोठ्या बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी हे ठीक आहे, तिथे धंदे मोठे असतात. पण जमिनीच्या सीमेवरचा व्यापार मुळात छोट्यांचा. दोन मैलांवरच्या गिऱ्हाइकाला दारं-खिडक्या करून देणारा सुतार, पलीकडच्या शेताला खत पुरवणारा दुकानदार. मर्यादेच्या खाली राहतात ते नेमके हेच लोक. जाळं मोठ्या माशांचं आणि तळं छोट्यांचं, असा प्रकार.

उत्तरेत आणखी एक पेच. कंपनी बेलफास्टमध्ये माल बनवते, पण तिचं मुख्य कार्यालय इंग्लंडात. कागद इंग्लंडच्या पत्त्यावरून भरला जातो. मग ती निर्यात उत्तर आयर्लंडची की इंग्लंडची? लंडनच्या महसूल खात्याची प्रादेशिक आकडेवारी एक उत्तर देते, बेलफास्टच्या संख्याशास्त्र खात्याने उद्योगांना विचारून केलेली पाहणी दुसरं, आणि डब्लिनचं मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालय तिसरं. तिघंही प्रामाणिक. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वादात प्रत्येक बाजूने यांतला आपल्याला सोयीचा आकडा उचलला, यात आकड्यांचा दोष नाही.

त्या काळात एक मजेची गोष्ट झाली. सीमेवरून नेमके किती रस्ते जातात, हेच कुणी पक्कं सांगेना. २०१८ मध्ये दोन्हीकडच्या खात्यांनी मिळून मोजणी केली तेव्हा २०८ सार्वजनिक रस्त्यांवर एकमत झालं. रस्ते मोजायला ही तऱ्हा, मग त्यांवरून जाणाऱ्या मालाची गोष्टच नको.

आणि तो माल एकदाच जातो असंही नाही. दुधाचं बघा. उत्तर आयर्लंडमधल्या एकूण दुधापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला ८० कोटी लिटरच्या आसपास दूध दक्षिणेत प्रक्रियेला जातं. ते पलीकडे गेलं, त्याची भुकटी किंवा लोणी झालं, त्यातलं काही परत उत्तरेत आलं. सीमाशुल्काच्या पद्धतीने मोजायचं तर दूध जाताना पूर्ण किंमत, लोणी येताना पूर्ण किंमत. पण देशाचा परकीय देण्याघेण्याचा ताळेबंद मांडणाऱ्यांचा नियम वेगळा. नाणेनिधीच्या २००९ च्या सहाव्या नियमपुस्तिकेपासून ते विचारतात, दुधाची मालकी बदलली का? मालक उत्तरेतलाच राहिला आणि दक्षिणेतल्या कारखान्याने फक्त प्रक्रियेची मजुरी घेतली असेल, तर माल गेलाच नाही, आलाही नाही. व्यापार झाला तो फक्त मजुरीचा, आणि ती सेवा. म्हणजे टँकर तोच, रस्ता तोच, दूधही तेच. एका पुस्तकात ती मालाची मोठी निर्यात आहे आणि दुसऱ्यात सेवेची छोटी आयात. दोन्ही पुस्तकं बरोबर. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायलो.

२०२१ साली ब्रिटन बाहेर पडल्यानंतरची नवी व्यवस्था लागू झाली. मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपच्या नियमांतच राहिलं, त्यामुळे बेटावरची जमिनीची सीमा उघडी राहिली आणि कागदपत्रांचा जाच समुद्रावर, ब्रिटनकडून येणाऱ्या मालाकडे सरकला. त्या एका वर्षात दक्षिणेची उत्तरेकडून होणारी मालाची आयात ६५ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि उत्तरेला होणारी निर्यात ५४ टक्क्यांनी. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. मला मात्र ती रात्रीची तळटीप आठवली. यात खरी वाढ असणारच. ब्रिटनहून मागवणं जिकिरीचं झालं तर माणूस शेजाऱ्याकडे वळतो. पण जो माल पूर्वी इंग्लंडच्या गोदामातून, इंग्लंडच्या बिलावर येत होता, तो आता उत्तरेतल्या गोदामातून, तिथल्या बिलावर आला असेल तर? एकाच कंपनीने पत्ता बदलला आणि दोन देशांचा व्यापार वाढला. शिवाय कोण कुठून पाठवतं हे आधी कुणी फारसं विचारत नव्हतं, आता ते नीट लिहून घ्यायला लागले. वाढलेल्यातलं किती वाढलं आणि किती फक्त दिसायला लागलं, हे त्या ६५ मधून वेगळं काढता येत नाही. माझा कल दोन्ही असण्याकडे आहे, पण त्यातलं जास्त कोणतं हे विचारलं तर मी गप्प बसेन.

उघड्या सीमेचा गैरफायदा घेणारेही होतेच, आणि त्यांनी तर आकडे उलटेपालटे करून टाकले. युरोपात एका सदस्य देशातून दुसऱ्यात माल आणला की सीमेवर व्हॅट लागत नाही. तो माल आत विकताना व्हॅट घ्यायचा आणि सरकारला न भरता कंपनीच गायब करायची, ही त्या धंद्यातली मेख. मोबाइल आणि संगणकाच्या चिपा यांसाठी आदर्श. आकाराने लहान, किमतीने मोठ्या. तोच माल पुन्हा बाहेर पाठवायचा, परतावा मागायचा, पुन्हा आत आणायचा. जत्रेतल्या पाळण्यासारखं गोल गोल. आता परताव्यासाठी निर्यातीची नोंद व्हायलाच हवी, ती चोख व्हायची. गायब होणारा आयातदार मात्र कसली नोंद करणार? त्यामुळे ब्रिटनच्या हिशेबात माल बाहेर जाताना दिसत होता, आत येताना दिसत नव्हता. २००३ साली तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मागच्या वर्षांची आयात वाढवून दुरुस्त केली आणि व्यापारातली तूट जास्त खोल निघाली. चोरांनी देशाची तूट लपवून ठेवली होती, आणि तसा त्यांचा हेतूही नव्हता.

मालाचं हे असं, निदान तो डोळ्यांना दिसतो. सेवांना तर वजनच नाही. १९९५ पासून लागू असलेल्या सेवाव्यापाराच्या जागतिक करारात सेवेच्या चार वाटा सांगितल्या आहेत: सेवा तारेवरून किंवा टपालाने सीमा ओलांडते, गिऱ्हाईक सीमा ओलांडतं, कंपनी पलीकडे शाखा उघडते, किंवा सेवा देणारा माणूसच सीमा ओलांडतो. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. दोन देशांच्या मधे विमानतळ असेल तर निभावतंही. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठून किती दिवस राहिलात, किती खर्च केलात विचारता येतं. रस्ता उघडा असेल तर कोणाला आणि कुठे गाठणार?

एक माणूस सीमेपलीकडे केस कापायला गेला, तर न्हाव्याच्या देशाने सेवा निर्यात केली. न्हावीच अलीकडे येऊन केस कापून गेला तरी निर्यातच, वाट वेगळी. पण तो अलीकडच्या एखाद्या दुकानात नोकरीला असेल आणि रोज संध्याकाळी घरी परतत असेल, तर ही सेवाच नव्हे. ते त्याचं वेतन, आणि ते ताळेबंदात उत्पन्नाच्या सदरात जातं, व्यापाराच्या नाही. कात्री तीच. पलीकडे शिकायला गेलेला विद्यार्थी चार वर्षं तिथे राहिला तरी हिशेबात आपल्याच देशाचा रहिवासी. नोकरीसाठी वर्षभर किंवा त्याहून जास्त राहायला गेलेला मात्र परका होतो. आणि ज्याने पलीकडच्या दुकानातून घरच्यासाठी पिशवीभर सामान आणलं, त्याची पिशवी कुठल्या सदरात? माल म्हणाल तर चुकलात. घरी वापरण्यासाठी प्रवाशाने विकत घेतलेली वस्तू ‘प्रवास’ या सेवेत धरतात. त्याच पिशवीतलं सामान त्याने शेजाऱ्याला विकायला आणलं असेल, तर तो माल. पिशवीला हात न लावता, फक्त तिच्या मालकाच्या मनात काय आहे यावरून ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. जगातल्या कुठल्या कारकुनाला हे जमेल?

एस्टोनियाच्या मध्यवर्ती बँकेने यावर फोनचा तोडगा काढला. परक्या देशाचा मोबाइल आपल्या जाळ्यात किती आला, किती दिवस राहिला, यावरून प्रवासी मोजायचे. नावं-नंबर काढून टाकून. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते, पण फोनलाही सीमा कळत नाही. सीमेलगत राहणारा घरात बसून फोनवर बोलत असतो आणि त्याचा फोन पलीकडच्या मनोऱ्याला चिकटतो. गादीवर पडल्यापडल्या त्याचा परदेश प्रवास होतो. असे लटके प्रवासी गाळायचे तर रोज खरोखर ये-जा करणारेही त्याच चाळणीतून गळतात.

आफ्रिकेत मात्र एक अगदी साधी पद्धत आहे, आणि ती वाचल्यावर माझा सगळा कोरडेपणा गेला. युगांडाचं सांख्यिकी कार्यालय तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या सोबतीने २००५ पासून अनौपचारिक सीमाव्यापाराची पाहणी करतं. निवडक नाक्यांवर प्रगणक वही घेऊन बसतात आणि बघतात. सायकलीवर किती पोती, डोक्यावर किती बोजा, हातगाडीवर काय. मका, चवळी-घेवडा, मासे, कपडे, चपला. महिन्यातले दोन आठवडे मोजायचं आणि त्यावरून महिन्याचा अंदाज बांधायचा. ते कुणाला अडवत नाहीत, कर मागत नाहीत. कॉंगोतलं गोमा आणि रवांडातलं गिसेन्यी ही तर एकमेकांना खेटलेली शहरं. मधल्या छोट्या फाटकातून रोज हजारो माणसं पायी जातात, त्यांत बायका जास्त. अपंग माणसं मोठाल्या तीनचाकी सायकलींवर डोंगराएवढा माल लादून नेतात, कारण त्यांना करात सवलत मिळत आलेली आहे. हा सगळा व्यापार सरकारी निर्यातीच्या तक्त्यात शून्य असतो. डोळ्यांना तो रस्ता भरून दिसतो.

अर्थात त्या वहीवाल्याचंही खरं धरायचं तर पोत्याच्या आत काय आहे हे त्याला अंदाजानेच लिहावं लागतं. आणि वही घेऊन बसलेला माणूस दिसला की वाट बदलावी असं ज्याला वाटणार नाही असा व्यापारी विरळाच. तरीही या पद्धतीत एक सभ्यपणा आहे. मोजायचं आहे म्हणून मोजतात.

नेपाळच्या पाम तेलाची गोष्ट राहिलीच. नेपाळमध्ये पाम पिकत नाही. तरी २०१९ च्या सुमाराला भारताला होणाऱ्या नेपाळच्या निर्यातीत ते अगदी वरच्या क्रमांकांत जाऊन बसलं. कच्चं तेल समुद्रमार्गे आणायचं, शुद्ध करायचं आणि सवलतीच्या करात भारतात पाठवायचं. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पाम तेलाच्या आयातीवर निर्बंध आणले. इथे मोजणीत चूक कुणाचीच नव्हती. प्रत्येक टँकर थांबवला गेला, लिहिला गेला. तरी तो आकडा नेपाळच्या मातीबद्दल काय सांगत होता? इतकी वर्षं मी न मोजलेल्या मालाच्या मागे लागलो आणि या तेलाने मला सांगितलं की मोजलेल्याचीही खात्री नाही. म्हणून ही गोष्ट शेवटी आठवते, आणि आठवली की जराशी टोचते.

परवा पुन्हा झोप येईना. तक्ते उघडले नाहीत. नकाशांच्या त्या सोयीत गेलो, जिथे गाडीवरच्या कॅमेऱ्याने काढलेली रस्त्यांची चित्रं एकामागून एक सरकवता येतात. आयर्लंडमधला एक छोटा रस्ता निवडला, दक्षिणेकडून उत्तरेकडे. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, ओलं डांबर, कडेने पिवळी तुटक रेघ. सरकत गेलो. नाकं नाही, खोली नाही, दांडा नाही. एका ठिकाणी पिवळी रेघ संपली आणि पांढरी सुरू झाली. पुढे एक फलक होता: वेगमर्यादा ताशी मैलांत. दक्षिणेने २००५ साली मैल सोडून किलोमीटर घेतले, उत्तरेत अजून मैल आहेत. बस, एवढीच सीमा. मी मागे आलो, पुन्हा पुढे गेलो, पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेला लक्ष गेलं की समोरून एक दुधाचा टँकर येतोय, चित्रात थिजलेला, चाकं पांढऱ्या रेघेपाशी. त्यात दूध होतं की तो रिकामा परतत होता, कळायला मार्ग नव्हता. जवळ जाऊन बघितलं. नंबरप्लेटवरचा आकडा नियमाप्रमाणे पुसट केलेला होता.